कपाट माहेरचं, शाली सत्काराच्या

कोथरूड, पुणे
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

तीर्थरूप वन्सं यांस,

कोथरूडहून हेमाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे प्रत्यक्षात आठांपैकी पाचच अंगं टेकतात, पण कागदावर सगळी टेकायला काय जातं.) तुमची कंबर आता कशी आहे? बापूरावांचा खोकला गेला, की ते अजून अडुळशावरच भागवताहेत? त्यांना म्हणावं, पंच्याहत्तरीनंतर डॉक्टरांकडे गेलं तर कोणी नावं ठेवत नाही. अवनीची लग्नाची खरेदी कुठवर आली? तिच्या सासरची माणसं चांगली वाटली. थोडी गरीब स्वभावाची आहेत, पण आपल्या घरची मुलगी गेल्यावर त्यांना ते उपयोगीच पडेल. इकडे सगळं क्षेम आहे. तुमचे बंधू ठणठणीत आहेत, आणि आवाजाचं तर विचारूच नका.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण आमच्या घरात फोनवर बोललेलं सगळं तुमच्या बंधूंना ऐकू जातं. 'भाजी आणा' एवढं एकच वाक्य काय ते ऐकू जात नाही. शिवाय तुमच्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून राहिलं आहे. अवनीच्या साखरपुड्यात तुम्ही चारचौघींत मला विचारलंत, "हेमा, तुझ्या आईचं इरकल का नाही नेसलीस गं? आणि ही साडी अशी बोळा केल्यासारखी का?" तेव्हा इरकल पॉलिशला दिलंय असं मी सांगितलं होतं. ते काही पॉलिशला नव्हतं. ते कुठे होतं आणि आता कुठे आहे, त्याचाच हा वृत्तांत. शेवट चांगला आहे, म्हणजे मी जिंकले आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही शेवटचं पान आधी वाचणार नाही. (तुमची दिवाळी अंक वाचायची पद्धत मला ठाऊक आहे.)

आमच्या झोपायच्या खोलीतलं हिरवं लोखंडी कपाट तुम्ही पाहिलेलंच आहे. ते माझ्या वडिलांनी मला लग्नात दिलं. नारायण पेठेतल्या आमच्या बिऱ्हाडातून ते हातगाडीवरून तुमच्या घरी निघालं, आणि नवरीच्या आधी कपाटच दारात पोचलं म्हणून तुमच्या आत्याबाईंनी त्याच्यावरूनच भाकरतुकडा ओवाळून टाकला, असं तुम्हीच सांगता. त्याच्या दाराला आरसा आहे आणि त्यात माणूस जसा आहे तसा दिसतो. हल्लीच्या आरशांत एवढंही होत नाही. आई म्हणाली होती, "बाकी सगळं सासरचं, हे तेवढं तुझं." आता या तेवढ्या माझ्या कपाटात माझं काय होतं म्हणाल, तर सगळ्यात खालचा कप्पा, आणि तोही निम्मा, कारण उरलेल्या निम्म्यात तुमच्या बंधूंचे मोजे. वरचे चारही कप्पे सत्काराच्या शालींनी गच्च. माझ्या साड्या पलंगाखालच्या सुटकेसमध्ये. लग्नकार्याला साडी काढायची तर आधी फरशीवर आडवं व्हायचं, मग सुटकेस ओढायची, मग ओढलेली सुटकेस तशीच ठेवून पाठ सरळ करायची, आणि तोवर कार्यालयात पहिली पंगत उठलेली असायची.

आता शाली एवढ्या कशा, तेही सांगायला हवं. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्यापासून तुमचे बंधू घरी बसून असतात असा तुमचा समज आहे. तो चुकीचा आहे. ते ऐनवेळचे प्रमुख पाहुणे आहेत. पुण्यात रोज संध्याकाळी कुठे ना कुठे सत्कार चालूच असतो, आणि त्यातल्या निदान एखाद्या ठिकाणी तरी ठरलेले पाहुणे येत नाहीत. कोणाचं विमान चुकतं, कोणाचा घसा बसतो, कोणाला दुसरीकडून याहून बरं बोलावणं येतं. मग आयोजकांना आमचा नंबर आठवतो. कडक इस्त्रीचा कुर्ता दारामागच्या खुंटीला कायम तयार. फोन ठेवल्यापासून चपला घालेपर्यंत कपातला चहाही गार होत नाही. विषय कुठलाही चालतो. दातांचं आरोग्य, हास्ययोग, पावसाचं पाणी जिरवणं, गुणवंत विद्यार्थी, गुणवंत आजोबा. सुरुवातीची पाच मिनिटं विषयावर, पुढे शाळेतल्या आठवणी. कधीकधी स्मृतिचिन्हावर न आलेल्या पाहुण्यांचंच नाव असतं. त्यातलं एक, 'प्रख्यात हृदयरोगतज्ज्ञ' असं कोरलेलं, आमच्या टीव्हीशेजारी ठेवलंय, आणि ते पाहून शेजारच्या आगाशेबाई एकदा छातीत कळ येते म्हणून विचारायला आल्या होत्या. (यांनी सल्लाही दिला. पायी चाला म्हणाले.) आणि प्रत्येक वेळी शाल-श्रीफळ. श्रीफळाचं माझं मी बघते. नारळाच्या वड्या होतात, सोलकढी होते, उरलेला वाटणात जातो. शालीचं वाटण होत नाही.

त्या शाली कशा असतात ते तुम्ही जाणताच. ना सूत, ना लोकर. अंगावर घेतली की घसरते, घडी घातली की उसळते, आणि थंडीत पांघरली तर थंडीच जास्त वाजते. कपाटाचं दार मिटेनासं झालं तेव्हा यांनी दोन्ही मुठींना मिळून एक शालच बांधून टाकली. आमचं एक घरगुती धरणच होतं असं समजा.

साखरपुड्याला सांगलीला निघायच्या आदल्या दिवशी मी सुटकेस ओढली. फरशी पुसताना पलंगाखाली पाणी जातं, ते किती दिवस आत मुरत होतं देव जाणे. आईचं इरकल उलगडलं तर घडीघडीवर विरलेलं, आणि पदराला कसर लागलेली. ते जांभळं, लाल काठाचं इरकल आई दरवर्षी दिवाळीच्या आधी काढायची, गॅलरीत सावलीत हवा द्यायची आणि बाबांच्या जुन्या मऊ धोतरात पुन्हा बांधून ठेवायची. तिने जन्मभर सांभाळलेलं मी फरशीच्या पाण्यात घालवलं. वन्सं, मी तिथेच खाली बसून रडले. हे मी इथे कोणाला बोलले नाही, तुम्हाला सांगते. डोळे पुसायला काही तरी ओढलं तर हाताला आली शाल, आणि तिने तर पाणीही टिपलं जाईना. तेव्हाच मी मनाशी ठरवलं की दिवाळीच्या आत हे कपाट पुन्हा माझं झालं पाहिजे आणि आईचं इरकल वरच्या कप्प्यात मानाने गेलं पाहिजे.

सुरुवात सामोपचाराने केली. एवढ्या शाली कशाला हव्यात, म्हणून यांना सरळ विचारलं. "अगं, प्रत्येक शालीमागे इतिहास आहे," म्हणाले. मी म्हटलं, इतिहास मागे राहू दे, शाली पुढून काढा. त्यावर ते इतिहास सांगायला बसले, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून वरणाचा लगदा झाला.

मग आमच्या सूनबाई मदतीला आल्या. स्वरालीचं बाणेरचं घर तुम्ही पाहिलं नाहीत. तिथे एकही वस्तू दिसत नाही. मीठ मागितलं तर भिंत उघडते आणि आतून मीठ निघतं. तिने मोबाइलवर एका बाईंचा व्हिडिओ दाखवला. प्रत्येक वस्तू हातात धरायची, हिने आपल्याला आनंद होतो का असं मनाला विचारायचं, होत नसेल तर तिचे आभार मानायचे आणि निरोप द्यायचा. "बाबा, सिंपल आहे, फक्त लेट गो करायचं," स्वराली म्हणाली. पोर गुणी आहे, पण तिला हे घर अजून कळायचंय. तुमच्या बंधूंना आभार माना असं कधी सांगायचं असतं का? पहिली शाल हातात धरून ते उभे राहिले, घसा साफ केला, आणि आयोजक, मंडपवाले, ध्वनिव्यवस्था आणि शांतपणे ऐकून घेणारे श्रोते अशा सगळ्यांचे आभार मानले. भाषण संपेपर्यंत त्यांचा त्या शालीवर इतका जीव जडला की ती छातीशी धरून ठेवली. दुसरीचंही तेच. दुपार गेली, चहा झाला, आमचा केयूर तिला न्यायला आला. ठेवायच्या ढिगात सगळ्या शाली होत्या. टाकायच्या ढिगात माझा एक परकर आणि स्वरालीची ओढणी, जी तिने नुसती उकडतंय म्हणून काढून ठेवली होती.

मग म्हटलं, दान करू. आमच्या मुक्ताबाईंना (सूसहून येतात, धुण्याभांड्याला, बोलायला खमक्या) चार शाली देऊ केल्या. त्या हात पुसत म्हणाल्या, "नको बाई, मागच्या वर्षीच्या दोन तशाच हायत. पोरानं एक म्हशीला घातली, तर म्हशीनंबी झटकून टाकली." पुढे जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आली. तिने गाठोडं सोडलं, एक शाल दोन बोटांत चोळली आणि जरीचं काही हाय का, पँटी हायत का, असं विचारलं. नाही म्हटल्यावर अख्ख्या गाठोड्यावर चहाची गाळणी देईन म्हणाली. तीही प्लास्टिकची. तुमचे बंधू गॅलरीत पेपर वाचत होते. भाजी आणा ऐकू न येणाऱ्या माणसाला गाळणी बरोबर ऐकू आली. बाहेर येऊन त्यांनी तिला एकेक शाल कोणाच्या हस्ते मिळाली ते सांगायला सुरुवात केली. बाई बिचारी टोपली उचलून जी गेली ती पुन्हा आमच्या गल्लीत फिरकली नाही. त्या दिवसापासून कपाटाचं दार खांद्याने रेटून त्याला कुलूप, आणि किल्ली तुमच्या बंधूंच्या जानव्याला.

आता कपाट माझ्या वडिलांनी घेतलेलं आहे, वन्सं. दुसरी किल्ली त्यांनी लग्नातच माझ्या हातात ठेवली होती आणि ती इतकी वर्षं मेथ्यांच्या बरणीत आहे. (हे माझ्यात आणि तुमच्यात. माणसाने संसारात सगळंच सांगू नये.) हे सकाळी फिरायला गेले की मी कपाट उघडायचे. पुढची रांग जशीच्या तशी ठेवायची, मागच्या शाली काढायच्या आणि तिथे रद्दीचे पेपर भरायचे, म्हणजे बाहेरून कपाट भरलेलंच दिसायचं. काढलेल्या शाली आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी रविराज यांच्याकडे. गल्लीतले सगळे कार्यक्रम तेच करतात आणि दर वेळी शाल आणायला विसरतात. त्यांना तर लॉटरीच लागली. एका शालीला कसरीचं भोक होतं, ते तेवढं मी हिरव्या दोऱ्याने कोयरी भरून झाकलं. भोक दिसलं की माझे हात शिवशिवतात, तुम्हाला माहीत आहे. असे पंधरा-वीस दिवस गेले, मागच्या रांगेतल्या बऱ्याच शाली गेल्या, आणि मी स्वतःवर इतकी खूश झाले की चकलीची भाजणी दळायच्या आधीच भाजून टाकली असं सगळ्यांना सांगत सुटले. भाजणी भाजूनच दळतात हे नंतर आठवलं.

आणि मग एका संध्याकाळी तुमचे बंधू घरी आले ते खांद्यावर कोयरी घेऊन. रविराजांच्या कार्यक्रमाचे पाहुणे आले नव्हते.

माझी चूक बघा. शाली सत्काराला दिल्या, इथवर डोकं चाललं. पण सत्कार कोणाचा होणार, हे काही सुचलं नाही. त्यानंतर कपाटातून गेलेली शाल आठवड्याभरात यांच्या खांद्यावर बसून परत यायची. मी काढायचे, ते आणायचे. मी म्हटलं, कोथरूडच्या बाहेर धाडल्याशिवाय यातून सुटका नाही. कोयरीसकट एक गठ्ठा रिक्षात घातला आणि थेट नारायण पेठेतल्या एका वाचनालयात नेऊन दिला. माझी माहेरची पेठ, माणसं ओळखीची. त्यांचा वर्धापनदिन जवळ आला होता. पाहुणे मोठे होते, नामवंत होते, ठरलेले होते. तेही आले नाहीत.

रात्रीचं जेवण व्हायचं होतं. यांनी ती शाल पलंगावर पसरली आणि बघत राहिले. "हेमा, ही कोयरी तुझी आहे," म्हणाले. मी म्हटलं, कोयऱ्या काय, सगळं पुणं काढतं. तर म्हणाले, "देठ उलटा आहे. तू देठ नेहमी उलटा काढतेस." वन्सं, मी लग्न झाल्यापासून या माणसाच्या समोर बसून भरतकाम करते आहे आणि त्यांनी मान वर करून पाहिल्याचं मला आठवत नाही. मग त्यांनी जानव्याची किल्ली काढली आणि कपाट उघडलं. पुढची रांग बाजूला केल्यावर आतून पेपर निघाले, त्यातल्या पुरवण्या तर त्यांनी वाचायला म्हणून राखून ठेवलेल्या. ते रागावतील असं मला वाटलं होतं. रागावले असते तर मी तयारीत होते. पण ते पलंगावर बसले आणि म्हणाले, "शाळेत मी नुसता व्हरांड्यात आलो तरी वर्ग गप्प व्हायचे. आता दुसरा कोणी आला नाही की मला बोलावतात. हे मला कळत नाही, असं वाटतं का तुला?"

मला खरंच तसं वाटत होतं. त्यांना कळत नाही, असंच मी धरून चालले होते आणि त्यावर मुक्ताबाईंबरोबर हसतही होते. मग मी फरशीवर आडवी झाले, सुटकेस ओढली आणि आईचं इरकल त्यांच्यापुढे उलगडून ठेवलं. त्यांनी विरलेल्या घडीवरून हात फिरवला. "हे नेसून आईंनी मला ओवाळलं होतं," एवढंच म्हणाले. मग हातातली किल्ली त्या इरकलावर ठेवली आणि पानं घे म्हणाले. आम्ही पिठलं-भात खाल्ला आणि कोणी कोणाला वाढ म्हटलं नाही.

सकाळी चहाला त्यांनीच विचारलं, "मग काय करायचं म्हणतेस?" माझ्या डोक्यात रात्रभर तेच घोळत होतं. मी म्हटलं, अहो, इतकी वर्षं तुम्ही सत्कार घेतलेत, आता करा. ते कपावरून बघत राहिले. मी म्हटलं, करणाऱ्याच्या हातात माइक जास्त वेळ राहतो. हे त्यांना पटायला बिस्कीट विरघळायचाही अवकाश लागला नाही.

वसुबारसेच्या संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये समारंभ झाला. स्कूटर हलवा म्हणून रविराजांनी पाटी लावली होती. ('आपली गाडी सत्कारास पात्र नाही. कृपया काढावी.' ही भाषा अर्थातच तुमच्या बंधूंची.) पहिला सत्कार दूधवाल्या सोनबांचा. दुधात पाणी घातलं तरी ते कधी अंदाजाबाहेर घातलं नाही, असा त्यांचा गौरव झाला आणि सोनबा लाजून "तसंच हाय" म्हणाले. लिफ्टवाले बोलावल्यावर एकदा खरोखर आले होते, म्हणून त्यांना शाल. तिसऱ्या मजल्यावरचे परांजपे रोज न चुकता पाण्याची तक्रार करतात, म्हणून त्यांना सातत्याबद्दल. गॅसवाला, पेपरवाला, इस्त्रीवाले, पहारेकरी, कोपऱ्यावरची भाजीवाली. प्रत्येकाबद्दल यांच्याकडे काही ना काही सांगण्यासारखं होतं, आणि गंमत म्हणजे ते सगळं खरं होतं. माणूस इतक्या लोकांकडे इतकं बघत असेल असं मला वाटलं नव्हतं. शेजारच्या सोसायटीतले लोक कुंपणाशी जमले, मग आत आले, मग रांगेत उभे राहिले. त्यांच्यातल्या काहींना यांनी चांगले शेजारी म्हणून शाली देऊन टाकल्या. ते चांगले नाहीत, पण शाली खूप होत्या.

मुक्ताबाईंचं नाव पुकारलं तेव्हा त्या ओला हात पदराला पुसत पुढे आल्या. ज्या शालीला त्या नको म्हणाल्या होत्या तसलीच ती. आगाशेबाईंनी ती त्यांच्या खांद्यांवर घातली, ओटीत नारळ दिला, आणि यांनी माइकवर सांगितलं की मुक्ताबाई एक दिवस आल्या नाहीत तर आमच्या घरात नवरा-बायकोचं तोंड एकमेकांकडे होत नाही, कारण दोघांचंही तोंड भांड्यांकडे असतं. मुक्ताबाई हसल्या आणि मग डोळ्यांना पदर लावला. दुसऱ्या दिवशी कामाला आल्या ते मला सांगत, "पोराला बजावलंय, ही म्हशीला घालशील तर बघ." शाल तीच, मुक्ताबाई त्याच. मध्ये फक्त माइक आला होता.

मी मागे उभी राहून पेढ्यांचं ताट सांभाळत होते. मनात कप्पे मोजत होते, एक मोकळा, दोन मोकळे. शाली संपत आल्या तसा जीव हलका व्हायला लागला. तेवढ्यात यांनी माइकवर म्हटलं, एक शाल उरली आहे. आणि माझं नाव घेतलं. अमुकची आई नाही, आमच्या सौ. नाहीत. पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट. बाईला शाल बाईनेच घालायची असते, म्हणून मुक्ताबाई पुढे झाल्या, आपली नारळाची पिशवी मला धरायला दिली आणि शाल माझ्या खांद्यांवर घातली. लिफ्टवाल्यांवर हे इतकं बोलले होते की त्यांनाही घरी जायची घाई झाली होती. माझ्यासाठी आता किती बोलतात म्हणून मी ताट खाली ठेवलं. तर ते म्हणाले, "हिने मला कपाट दिलं. मी ते परत करतोय." आणि माइक रविराजांच्या हातात देऊन खिशात रुमाल शोधायला लागले.

वन्सं, या शालींना मी काय काय म्हटलं ते तुम्ही वर वाचलंतच. पण ती खांद्यावरून घसरायला लागली तेव्हा मी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. कोपऱ्याला हिरवी कोयरी होती, देठ उलटा.

तर आता कपाटाचे पाचही कप्पे माझे आहेत. साड्या रंगाप्रमाणे लावल्यात आणि दार एका बोटाने मिटतं. इरकल बुधवार पेठेतल्या रफूवाल्यांना दाखवलं, त्यांनी जमेल तेवढं जोडून दिलं. बाकी विरलेल्या जागी मी स्वतः कोयऱ्या भरल्या. हे शेजारी बसून देठ उलटा येतोय ना बघत होते. पाडव्याला तेच इरकल नेसून मी यांना ओवाळलं. आरशात पाहिलं तर क्षणभर आईच उभी आहे असं वाटलं. तुमच्या बंधूंचे मोजे सध्या पलंगाखालच्या सुटकेसमध्ये असतात. रोज सकाळी ते फरशीवर आडवे होतात तेव्हा मी गॅलरीत सावकाश चहा पिते.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की इरकल वरच्या कप्प्यात आहे, आणि अवनीच्या लग्नाला मी ते नेसून येणार आहे. तुम्ही सगळ्यांना तसं आधीच सांगून ठेवलंत तरी चालेल.

बापूरावांना नमस्कार, अवनीला आशीर्वाद.

तुमची, आणि पाच कप्प्यांची मालकीण,
हेमा

ता. क. दुसऱ्या कप्प्यात ती कोयरीची शाल आहे. स्वराली म्हणाली, "आई, हीपण लेट गो करा ना." मी तिला सांगितलं, हिच्यामागे इतिहास आहे.

ता. क. (दुसरा) मुख्य काम राहूनच गेलं. तुमच्या महिला मंडळाच्या वर्धापनदिनाला तुम्ही यांना पाहुणे म्हणून बोलवायचं म्हणत होतात, बाळ मोकळाच असतो म्हणून. तुमचा बाळ त्या दिवशी मोकळा नाही. मी आहे. 'अडगळ आवरण्याची कला' या विषयावर मी बोलते. शेजारच्या सोसायटीत बोलले, मग कर्वेनगरला बोलले, आणि पुढच्या गुरुवारी आणखी एका ठिकाणी आहे. लोक म्हणतात सुरुवातीला विषयावर चांगलं बोलते, पुढे जरा घरच्या आठवणी येतात. सत्काराचं काही मनावर घेऊ नका, त्याची मुळीच गरज नाही. पण मंडळाची पद्धतच असेल तर शाल आकाशी बघा. दुसऱ्या कप्प्यात मरून, हिरवी आणि मोतिया झाली आहे, आकाशी अजून एकही नाही.

ता. क. (तिसरा, आणि शेवटचा) मी ऐनवेळी आले नाही तर मंडळाची पंचाईत होईल, ही काळजी करू नका. तुमचे बंधू कडक इस्त्रीचा कुर्ता घालून पहिल्या रांगेत बसलेले असतील.